लशीचा खर्च आणि पेट्रोलवरचा कर

21 ऑक्टोबर 2021 रोजी देशाने कोविड लशीच्या 100 कोटी मात्रांचा टप्पा गाठला आणि त्याच दिवशी मुंबईत पेट्रोल 112 रुपयांच्या, तर डिझेल 103 रुपयांच्या वर गेले. या दोन बातम्यांची सांगड तेव्हाचे केंद्रीय पेट्रोलियम राज्यमंत्री रामेश्वर तेली यांनी त्याच महिन्यात गुवाहाटीत घालून दिली होती. इंधन मुळात महाग नाही, त्यावर कर आहेत आणि मोफत लशीसाठी लागणारा पैसा कुठून तरी यायलाच हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा युक्तिवाद तेव्हा पेट्रोल पंपांवरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागला होता, म्हणून तो आकड्यांवर घासून पाहणे मला आवश्यक वाटले.

पेट्रोलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क 2020 च्या सुरुवातीला लिटरला 19 रुपये 98 पैसे होते. त्या मार्चमध्ये ते 3 रुपयांनी वाढले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एका रात्रीत पेट्रोलवर 10, तर डिझेलवर 13 रुपयांची भर पडली. टाळेबंदीमुळे मागणी आटली होती, ब्रेंट (ज्याच्या भावावरून जगातले तेलाचे दर ठरतात ते कच्चे तेल) एप्रिलमध्ये पिंपाला 20 डॉलरच्याही खाली गेले होते, त्यामुळे ही वाढ पंपावरच्या दरात दिसलीच नाही. स्वस्त तेलाचा फायदा ग्राहकाऐवजी तिजोरीकडे वळला. उत्पन्नाचे बाकीचे मार्ग बंद पडलेल्या सरकारने तेव्हा असे करणे मला समजू शकते. पण लसीकरण सुरू झाले 16 जानेवारी 2021 ला. ज्या लशीला कर वाढवताना मंजुरीही नव्हती, तिच्यासाठी तो कर वाढवला असे नंतर सांगणे घटनाक्रमाला धरून नाही.

पेट्रोल आणि डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून 2020-21 या वर्षात सुमारे 3 लाख 35 हजार कोटी रुपये जमा झाले. त्याच्या आदल्या वर्षी ही रक्कम 1 लाख 78 हजार कोटी होती. 2021-22 च्या अर्थसंकल्पातली लसीकरणाची तरतूद 35 हजार कोटींची होती. म्हणजे नुसत्या वाढीव वसुलीतूनसुद्धा ही तरतूद चार वेळा भागत होती. शिवाय सगळीच लस मोफत नव्हती. खासगी रुग्णालयांत कोव्हिशिल्डच्या एका मात्रेला 780 रुपयांपर्यंत मोजून ती घेणारेही पुष्कळ होते.

परभणीत इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येते आणि टँकरच्या त्या लांबच्या फेरीमुळे आमचा दर राज्यात नेहमीच वरचढ असतो. तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जे हाती लागले, ते तरी लवकर घरात यावे म्हणून माणसे धडपडत होती. त्याच दिवसांत पंपावर माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने मळणीयंत्राच्या ट्रॅक्टरसाठी 35 लिटरचे दोन कॅन भरून घेतले. डिझेलवरचे केंद्राचे तेव्हाचे शुल्क लिटरला 31 रुपये 80 पैसे धरले, तर त्या दोन कॅनमध्ये 2,226 रुपये केंद्राचे होते. केंद्राने काही काळ कोव्हिशिल्ड 150 रुपयांना घेतली, त्या दराने सात माणसांच्या दोन्ही मात्रांची किंमत त्याने एका खेपेत भरली, आणि मळणी अजून उरकायची होती.

राज्यांच्या वाट्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. पेट्रोलवरच्या केंद्राच्या तेव्हाच्या 32 रुपये 90 पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे होते. उरलेली रक्कम अधिभार आणि उपकर यांची. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांना 41 टक्के वाटा मिळतो तो केवळ त्या मूळ शुल्कातून, म्हणजे सर्व राज्यांना मिळून लिटरमागे सत्तावन्न पैसे. लस टोचणाऱ्या परिचारिका, उपकेंद्रे, आशा सेविका यांचा भार मोठ्या प्रमाणात राज्ये उचलत होती. अर्थात महाराष्ट्रालाही हात झटकता येणार नव्हते. तेव्हा मुंबई-ठाणे परिसरात पेट्रोलवर 26 टक्के आणि इतरत्र 25 टक्के मूल्यवर्धित कर (व्हॅट), वर लिटरला 10 रुपये 12 पैसे, आणि तो टक्केवारीचा कर केंद्राच्या शुल्कावरही लागत होता.

बाजाराकडून तेव्हा दिलासा दिसत नव्हता. ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाचे सदस्य ऑगस्टपासून आपले रोजचे उत्पादन दर महिन्याला चार लाख पिंपे एवढेच वाढवत होते, आणि ब्रेंट 85 डॉलरच्या आसपास होते. त्यांची पुढची बैठक 4 नोव्हेंबरला, नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होती. त्या बैठकीवर दिल्लीचा अंमल नव्हता, पण मे 2020 मध्ये डिझेलवर चढवलेले 13 रुपये दिल्लीच्या हातातले होते. रब्बीच्या पेरणीला ट्रॅक्टर शेतात उतरण्याआधी त्यातले निम्मे तरी उतरवावेत आणि राज्यानेही आपला कर त्या प्रमाणात कमी करावा, असे मला तेव्हा वाटत होते.