साध्या कॅमेऱ्याने मृगातला तेजोमेघ

मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत पुढे व्याध, हे बहुतेकांना नुसत्या डोळ्यांनी सापडतं. मला फोटोत हवा होता तो बाणाच्या दक्षिणेचा धूसर ठिपका, म्हणजे एम ४२ हा तेजोमेघ, चमकत्या वायूचा ढग. अंतर साधारण १३०० प्रकाशवर्षं. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नव्हता, ट्रायपॉड आणि ५० मिमीची लेन्स, एवढंच.

सगळ्यात वेळखाऊ काम फोकसचं. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो. म्हणून मृगातलाच तेजस्वी तारा राजन्य स्क्रीनवर मोठा करून, तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग हलवत बसले आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावली.

तारे रेघांसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून एक्स्पोजर किती सेकंदांचं ठेवायचं, त्यासाठी ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (इथे ५०) भागायचा नियम सगळे सांगतात. त्याने १० सेकंद येतात. माझ्या मते तो नियम आता फार सैल आहे, आणि मृगासाठी तर नकोच: हा बाण खगोलीय विषुववृत्तालगत आहे, तिथले तारे सर्वांत भराभर सरकतात. मी ४ सेकंदांवर थांबले. एकेका फोटोत दिसतो जेमतेम गुलाबी डाग. पण असे ढीगभर काढून सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवले, म्हणजे स्टॅक केले, की चित्र पालटतं, कारण १०० फोटोंच्या सरासरीत नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, दहापट कमी होतो. लेन्सला झाकण लावून काढलेले डार्क फ्रेमही हवेतच. प्रकाश नसतानाही चमकणारे गरम पिक्सेल त्यानेच जातात. (हेन्री ड्रेपरने १८८० मध्ये याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तेव्हा फोटोच्या एकाच काचेच्या प्लेटला ५१ मिनिटं प्रकाश दिला होता!)

स्टॅक उजळत नेला तसे एम ४२ चे दोन्ही पंख उलगडले, शेजारचा छोटा तेजोमेघ एम ४३ वेगळा दिसला. मधला भाग मात्र पांढराफटक. तिथेच ट्रॅपेझियम या छोट्या तारकागुच्छाचे तरुण, तप्त तारे आहेत. त्यांच्याच अतिनील किरणांनी सगळा वायू चमकतो. त्या भागासाठी अगदी छोट्या एक्स्पोजरचे फोटो वेगळे जोडावे लागले.

बाणातल्या अल्निटाक ताऱ्याजवळचा अश्वमुख तेजोमेघ आला नाही, आणि मी त्याची आशाही धरली नव्हती. त्याच्यामागचा हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतो, आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर नेमका तोच बराचसा अडवतो. फिल्टर काढून घ्यायचा खर्च सुरुवातीला करू नये. त्याऐवजी शेवटी फोकस मुद्दाम थोडा बिघडवून एक फोटो घ्या: मृगातल्याच काक्षी ताऱ्याची चकती केशरी उमटते, राजन्यची निळसर.