पद्मिनीचं स्टेअरिंग ढिलं, पण नेमकं कुठून?
कुर्ल्याला बनलेली आमची प्रीमियर पद्मिनी गाडी, स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक ढिम्म. धाकट्याला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला बसवलं आणि मी खाली घुसलो, ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) हलतोय पण टायर नाही तर टाय रॉडचे (चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) एंड गेलेत, आर्मच उशिरा हलतोय तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, स्टेअरिंगच्या गिअरच्या डब्यात, बॉक्समध्ये. आमचा बॉक्समध्येच निघाला. बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळा म्हणतात सगळे, पण आतला वर्म (स्टेअरिंगबरोबर फिरणारा आट्यांचा दांडा) मधल्या भागातच जास्त झिजतो ना, सरळ रस्त्याला नीट केलं की फुल वळणावर जाम! शेवटी खोललंच. आत तेलाऐवजी कुणीतरी ग्रीस कोंबलेलं, वर्मला लागून फिरणाऱ्या रोलरवर खड्डे. वर्म, रोलर, बेअरिंग, सील सगळं नवीन. गिअरचा दांडाही स्टेअरिंगच्या कॉलमवरच, त्याचे बुश लगेहाथ बदलले, आता सेकंड गिअर शोधावा लागत नाही.