टॅगवरचं ‘हँडमेड’

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत मामांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. टॅगवर इंग्रजीत काय छापायचं हे खातं माझ्याकडं, कारण घरात इंग्रजी शिकवणारी मीच. यंदाच्या टॅगवरून ‘हँडमेड’ उडवलं, तर मामा म्हणाले, “अगं, त्यावरच गिऱ्हाईक थांबतंय की!”

थांबतंय, खरं आहे. पण साच्यावर कापलेला, मशीनवर शिवलेला तळ आणि वर हातानं चिकटवलेली वेणी, याही मालावर लोक बिनधास्त ‘हँडमेड’ लावतात. ‘कोल्हापुरी’ या नावाला तरी 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे ठरलेले. ‘हँडमेड’ला कुठला जिल्हा? ‘हँडक्राफ्टेड’ नुसताच तोरा मिरवतं. ‘हँड-फिनिश्ड’ तर सावध शब्द: शेवटचा हात तेवढा माणसाचा, आधीचं विचारू नका.

मी ‘हँड-स्टिच्ड’ घातलं. शिवण हातची, बास. तळाचे थर चामड्याच्या वादीनंच शिवलेले, खिळा नाही. चप्पल उलटी करून कडेनं बोट फिरवा, एखादा टाका जरा पुढं, एखादा मागं लागतो. मशीनचे टाके परेडला उभे असल्यासारखे.

‘हँडमेड’ आता जोडून छापतात, पण ‘हँड-स्टिच्ड’ नामाच्या आधी आलं की मधे छोटी रेघ हवी. ‘वेल-नोन’चंही तेच, नामाआधी रेघ, वाक्यात नामानंतर आलं की गेली. छापणाऱ्यानं ती प्रूफात खाल्लीच होती, परत घालायला लावली.

खरी करमणूक केली ‘व्हेजिटेबल-टॅन्ड’नं. पुण्याच्या एक बाई टॅग वाचून म्हणाल्या, “म्हणजे ही प्युअर व्हेज का हो?” मामा माझ्याकडं बघायला लागले. चामडं म्हशीचंच, बाई! फक्त ते क्रोमच्या रसायनावर नाही, बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेलं. पहिल्या शब्दानं ‘कशानं’ ते सांगितलं, ‘कशाचं’ ते नाही. ‘हँड-स्टिच्ड’मध्येही तसंच, हातानं शिवलेलं, हाताचं चामडं कुणी म्हणत नाही. पण हा नियम धरून ‘वॉटरप्रूफ’ला गेलात तर फसाल. तिथं पाण्यानं काही केलेलं नसतं, पाण्यापासून राखलेलं असतं. घडण सारखी, नातं वेगळं, आणि ते वापरातूनच कळतं.

‘वॉटरप्रूफ आहे का’ हे तर आषाढात रोज विचारतात. त्यासाठी मामांनी टॅगच्या मागं मराठीतच छापून घेतलंय: पावसात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा.