महामारीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सांभाळताना : माझा अनुभव

पुण्यात कोथरूडला आमची सोसायटी आहे. इमारती जुन्या, चार मजली आणि लिफ्ट नसलेल्या. मुले परदेशात किंवा बंगळुरूला असल्यामुळे एकटे किंवा दोघेच राहणारे ज्येष्ठ येथे बरेच आहेत. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच आढळले आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा या घरांतली स्वयंपाकाच्या मावशींची, पेपरवाल्याची आणि इस्त्रीवाल्याची ये-जा एकदम थांबली. त्यानंतर शेजाऱ्यांनी मिळून जी व्यवस्था लावली, तिच्यात मी अखेरपर्यंत होते.

मदत करणाऱ्यांची वाण सुरुवातीलाही नव्हती. मात्र एकाच आजींकडे तीन घरांतून पोळी-भाजी पोहोचत असे आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना दूध मिळाले की नाही, हे कोणालाच ठाऊक नसे. म्हणून प्रत्येक ज्येष्ठाच्या घरामागे एकच माणूस नेमायचा आणि त्याने रोज ठरलेल्या वेळीच फोन करायचा, असे आम्ही ठरवले. माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, कारण ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही तर जिना चढून दार वाजवायचे हे नेमलेल्या माणसाला पक्के माहीत असे. फोनवर काय विचारायचे, हेही अनुभवातून समजत गेले. “काही हवंय का?” असे विचारले की “नको गं, सगळं आहे,” हेच उत्तर येई; आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना मागणे जड जाते. त्याऐवजी “काकू, आज दूध आलं का? रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात?” असे नेमके विचारले की खरी गरज कळत असे. औषधांची नावे ऐकून लिहिण्यापेक्षा रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवणे बरे, कारण थायरॉइडची गोळी 25 ची की 50 ची, हा फरक ऐकण्यात सहज निसटतो.

ऐकू कमी येणाऱ्या एका आजोबांची अडचण वेगळी होती. ते समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेत आणि मास्कमुळे तो आधार गेला होता. त्यांच्या दाराबाहेर नातवाची पाटी टांगली. आम्ही प्रश्न लिहून मागे सरकत असू आणि आजोबा बाहेर येऊन खाली उत्तर लिहीत.

सोसायटीत घरकाम करणाऱ्या मावशींचा विचार वेगळा करावा लागला. कामावर येता येत नसले तरी पगार पूर्ण द्यावा, असे आम्ही प्रत्येक घरी जाऊन सांगितले आणि बहुतेकांनी ते मानले. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी दरमहा 5 किलो धान्य मोफत मिळू लागले, पण त्यासाठी अन्नसुरक्षा यादीत नाव लागे आणि शिधापत्रिका केशरी असलेल्या काही मावशींचे नाव त्या यादीत नव्हते. अशा केशरी कार्डधारकांना राज्य सरकारने मे आणि जून 2020 मध्ये 8 रुपये किलोने गहू व 12 रुपये किलोने तांदूळ दिला. तो घेण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, एवढे समजावून देणेही त्यांच्या उपयोगी पडले.

2021 च्या एप्रिलमधली दुसरी लाट फार कठीण होती. वर्गणीतून घेतलेले ऑक्सिमीटर सौम्य लक्षणांच्या, घरीच विलग झालेल्या रुग्णांकडे जात. बोट गार असले किंवा नखांना रंग असला तर आकडा चुकीचा दिसू शकतो, त्यामुळे “आजी, आधी हात चोळून गरम करा, मग बोट घाला आणि आकडा स्थिरावला की सांगा,” हे आम्ही रोज सांगत असू. आरोग्य विभागाने सुचवलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणीही कामी आली. चालण्यापूर्वी आणि चालल्यानंतर ऑक्सिजन मोजायचा, तो 93 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा अधिक अंकांनी उतरला तर विलंब न करता डॉक्टरांना कळवायचे. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटे चालणेही पुरेसे होते.

मदत करणाऱ्यांनी आजारी पडू नये, हाही या कामाचाच भाग होता. ज्यांच्या घरी मधुमेही किंवा गरोदर व्यक्ती होती, त्यांच्याकडे केवळ फोनचे काम दिले. सामान दाराच्या कडीला अडकवायचे, घंटी वाजवून जिन्यात चार पायऱ्या खाली उतरून थांबायचे आणि घशात खवखव जाणवली तरी त्या दिवसापासून काम दुसऱ्याकडे सोपवायचे, हे नियम आम्ही कसोशीने पाळले. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी असे. त्या दिवशी गटावरचे निरोपही वाचायचे नाहीत. सतत वाईट बातम्या ऐकून झोप उडालेल्या माणसाला दुसऱ्याला धीर देता येत नाही, हे मी तेव्हा अगदी जवळून पाहिले.

1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांचे लसीकरण सुरू झाले. कोविनवर एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असल्याने स्मार्टफोन नसलेल्यांची नावे आम्ही आमच्या क्रमांकांवर घातली. ओटीपी आणि आधारची माहिती परक्याला देण्याची भीती रास्तच होती, म्हणून प्रत्येकाची नोंदणी त्याच्या मुलांना व्हिडिओ कॉलवर सोबत घेऊन केली. जिना उतरू न शकणाऱ्या एका काकूंना दोघा तरुणांनी हातांच्या खुर्चीत बसवून, प्रत्येक मजल्यावर थांबत खाली आणले. 13 मे रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर 12 ते 16 आठवडे झाले, तेव्हा सर्वांच्या तारखा पुन्हा मोजून त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दिल्या. दुसरा डोस झाला की रोजचा फोन थांबवायचा, असा आमचा विचार होता, परंतु काही ज्येष्ठांनीच तो चालू ठेवण्याची विनंती केली. त्या घरी आजही आठवड्यातून एकदा फोन जातो.