मुलासह बर्लिनला बस्तान: आधी पत्त्याचा कागद, मग शाळा

निघण्याआधी तीन वाक्यं हमखास ऐकवली जातात. ‘कंपनी सगळं बघते.’ ‘सरकारी शाळा फुकट आहे.’ ‘मुलं काय, सहा महिन्यांत भाषा उचलतात.’ पहिलं अर्धं खोटं, दुसरं खरं पण अपुरं, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्याने होतं. व्हिसा, बॅगेतले किलो आणि थंडीचे कपडे यांवर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ते इथे नाही. हे सगळं बर्लिनपुरतं आहे. जर्मनीत शाळा हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे. म्युनिकच्या मित्राचा सल्ला बर्लिनच्या शाळेत लागू पडत नाही.

सरळ सांगायचं तर ज्याची नोकरी आहे त्याने एकट्याने आधी जावं, कायमचं घर हातात आलं की मग घरच्यांना बोलवावं. एकत्र उतरण्याचा हट्ट महागात पडतो, कारण या शहरात प्रत्येक गोष्ट एका कागदाला टांगलेली आहे.

तो कागद म्हणजे आनमेल्डुंग, पत्त्याची नोंदणी. कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला ‘हे लोक या तारखेपासून इथे राहतात’ असा फॉर्म लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच फॉर्म लागतो. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी मिळणाऱ्या सजवलेल्या फ्लॅटच्या जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आनमेल्डुंग शक्य नाही. ती ओळ वाचायची राहिली की पुढची रांगच अडते. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही. कर क्रमांक नाही म्हणून पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड, कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण घर लावायच्या महिन्यात हात रिकामे असतात. मुलाला शाळेत जागा देणारं खातंही नोंदणीचा पत्ता बघूनच जिल्हा ठरवतं. तेव्हा बुकिंगआधी लेखी विचारा: फॉर्म मिळेल का, आणि त्यावर मुलाचं नाव येईल का. तोंडी ‘हो, बघू’ म्हणजे नाही.

हे फ्लॅट महाग का, तेही समजून घ्या. बर्लिनमध्ये नव्या भाड्यावर कायद्याची मर्यादा आहे, पण ‘तात्पुरत्या वापरासाठी’ दिलेलं घर तिच्यातून सुटतं. चार खुर्च्या आणि एक सोफा टाकून घर तात्पुरतं ठरवायचं आणि भाडं हवं तितकं लावायचं, हा इथला उघड धंदा आहे. कंपनी पैसे भरत असेल तर एक महिना घ्या. स्वतःच्या खिशातून तीन महिने घेऊ नका.

घर शोधताना खोल्या मोजायची पद्धत वेगळी आहे. हॉलही खोलीतच धरतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. आपला टू बीएचके म्हणजे इथलं तीन ‘त्सिमर’. जाहिरातीतली काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटेत हीटिंग आणि इमारतीचे खर्च येतात, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहूनही वेगळे. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. काल्टमीटे 1,200 युरो असेल तर डिपॉझिट 3,600 च्या वर जाऊ शकत नाही, आणि चावी घेताना 1,200 देऊन चालतं. एकरकमी मागणारे पुष्कळ भेटतात. दलाल घरमालकाने नेमला असेल तर त्याची दलाली घरमालकाने द्यायची, 2015 पासून हा नियम आहे. घर न दाखवता ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल’ म्हणणारा चोर आहे, विषय संपला.

बरीच घरं रिकामी म्हणजे खरोखर रिकामी मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकायला काढतो. किंमत पटली तर घ्या, नवं बसवायला आठवडे जातात आणि मुलाला रोज डबा लागतो.

नोंदणीची वेळ शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, घेता येते. घराजवळच्याच कार्यालयात बघत बसू नका. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर परत दिसतात, तेव्हा पान पुन्हा पुन्हा उघडा, किंवा 115 वर फोन करा. वेळ ‘मिळवून देण्याचे’ पैसे घेणारे लोक आहेत. नोंदणी फुकट आहे, एक युरोही देऊ नका. जाताना सगळ्यांचे पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला मूळ प्रतीत न्या. लग्नाचा दाखला नसेल तर वैवाहिक स्थिती कोरी किंवा अज्ञात म्हणून नोंदली जाते आणि कराच्या वर्गात घोळ होतो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा: टपालपेटी. जर्मन पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, संपलं. पोस्टमन खाली पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि जुळणारं सापडलं तरच पत्र टाकतो, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत. आणि इथे सगळं टपालाने येतं: कर क्रमांक (घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, मुलाचाही), बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्यात, आरोग्य विम्याचं कार्ड, शाळेच्या जागेचं पत्र. हे पत्र परत गेलं तर खात्याच्या लेखी पालकांनी उत्तर दिलेलं नसतं. चावी मिळाली त्याच संध्याकाळी कागदावर ठळक रोमन अक्षरांत नाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. पितळी पाटी घरमालक लावेल तेव्हा लावेल. आईने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोन्ही आडनावं लिहा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल, किंवा मुलाच्या नावात वडिलांचं नाव जोडलेलं असेल, तर पत्रावर जे कुठलं नाव छापून येऊ शकतं ते सगळं पेटीवर हवं. तीन नावांची चिठ्ठी कुरूप दिसते. दिसू दे.

त्या पहिल्या पत्रांत महिना 18.36 युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी मागणारं एक येईल. ते फसवणूक नाही. घरात टीव्ही नसला तरी घरटी एकदा भरावीच लागते.

शाळेसाठी भारतातून निघताना न्यायचे कागद: नाव घातलेला इंग्रजी जन्मदाखला (जुन्या दाखल्यांत मुलाच्या नावाचा रकाना कोरा असतो, तो आधी भरून घ्या, आणि आईचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा), शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि लसीकरणाची वही. वहीत गोवरच्या दोन मात्रा तारीख आणि डॉक्टरांच्या शिक्क्यासह दिसल्या पाहिजेत. मार्च 2020 पासून शाळेत हा पुरावा सक्तीचा आहे. शिक्का पुसट असेल तर बालरोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर नवं पत्र घ्या. भाषांतराची गरज पडली तर ते जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. भारतातून करून नेलेलं भाषांतर नाकारलं जाऊ शकतं आणि पैसे दोनदा जातात.

वय 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असेल तर मूल त्या वर्षी पहिलीत. पहिली-दुसरीच्या मुलांना साधारणपणे थेट नेहमीच्या वर्गात बसवतात, आणि त्यांचं बरं चालतं. त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. खरी गोष्ट तिसरीपासून वरच्या मुलांची. जर्मन येत नसेल तर जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातलं समन्वय केंद्र त्यांना ‘विल्कोमेनक्लासे’ म्हणजे स्वागत वर्गात जागा देतं. आधी आरोग्य तपासणी. जागा घराजवळच्या शाळेत मिळेलच असं नाही.

या वर्गाबद्दल कोणी सांगत नाही ते असं: हा वर्ग त्या शाळेत भरतो, पण मूल त्या शाळेचं झालं असं नाही. भाषा पुरेशी आली की नेहमीच्या वर्गात जायचं, आणि त्या शाळेत जागा नसेल तर दुसऱ्या शाळेत. दोन वर्षांत दोनदा मित्र तुटतात. टाळायचं असेल तर पहिल्याच पालक-भेटीत ‘टाइलइंटेग्रात्सिओन’ मागा. गणित, खेळ, चित्रकला, संगीत नेहमीच्या वर्गासोबत आणि जर्मन स्वागत वर्गात. गणितात आपली मुलं सहसा टिकतात, त्यामुळे नेहमीच्या वर्गाच्या शिक्षकांना मूल दिसतं, ओळखीचं होतं. मागितलं नाही तर ते आपोआप होईलच असं नाही.

गणितात टिकतात, पण पहिल्या चाचणीत मार्क जातात, तेही लिहिण्याच्या पद्धतीमुळे. जर्मन 1 ला खालून वर जाणारी लांब शेपटी असते, आपल्याला तो 7 वाटतो. त्यांच्या 7 ला मधे आडवी रेघ. दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब: 1.250 म्हणजे साडेबाराशे आणि 1,25 म्हणजे सव्वा. भागाकाराचं चिन्ह दोन टिंबं, गुणाकाराचं मधोमध एक टिंब. भागाकाराची मांडणीही वेगळी. हे सगळं मिळून एका रविवारच्या दुपारचं काम आहे, विमानात बसण्याआधी करा. श्रेणी उलट्या असतात: 1 सगळ्यात चांगली, 6 सगळ्यात वाईट. मूल आनंदाने ‘पाच मिळाले’ सांगत घरी आलं तर पेढे आणू नका.

वह्यांची यादी येईल तेव्हा नुसतं ‘रेघांची वही’ घेऊन चालत नाही. रेघांच्या आखणीला क्रमांक असतात, इयत्तेप्रमाणे बदलतात, आणि वहीच्या पाठीवर छापलेले असतात. प्रत्येक विषयाला ठरलेल्या रंगाचं कव्हर. शिवाय शाईचं पेन, वर्गात घालायच्या सपाता आणि खेळाच्या कपड्यांची वेगळी पिशवी. भारतातून वह्यांचं ओझं नेऊ नका, एकही चालणार नाही.

भाषेचं वेळापत्रक. जिम कमिन्स या संशोधकाने 1979 मध्ये मांडलेला फरक इथे रोज दिसतो: खेळायची, भांडायची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण इतिहासाचा धडा वाचून उत्तर लिहायची भाषा यायला पाच ते सात. मूल मैदानावर फाडफाड बोलतंय म्हणून शिकवणी बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. घरी जर्मन बोलायचा अट्टहासही नको. पालकांची मोडकी जर्मन ऐकून मुलाचं काही सुधारत नाही, मराठी मात्र जाते.

बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, मग माध्यमिकच्या दोन वाटा फुटतात: गिम्नाझियम (अभ्यासावर भर देणारी शाळा) किंवा इंटेग्रीर्टे सेकुंडारशुले (सगळ्या पातळ्यांच्या मुलांची एकत्र शाळा). सहावीच्या मध्यावर पुढची शिफारस ठरते, म्हणून सहावीत उतरणं सगळ्यात वाईट. चौथीत या, नाहीतर सरळ सातवीनंतर. ‘गिम्नाझियमच हवं’ हा आपल्याकडचा हट्ट सोडा. सेकुंडारशुलेतूनही आबिटुअर, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी शेवटची शालेय परीक्षा, होतं, बारावीऐवजी तेरावीला, आणि उशिरा भाषा शिकणाऱ्याला ते एक वर्ष सोन्यासारखं आहे. फक्त त्या शाळेला स्वतःचे अकरावी ते तेरावीचे वर्ग आहेत का, ते विचारा.

पैशांचं थोडक्यात. सरकारी विमा घेतलात तर मूल त्यातच फुकट येतं. खासगी विमा एकट्याला स्वस्त दिसतो, पण मुलाचा हप्ता वेगळा, म्हणून कुटुंबवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सहावीपर्यंत शाळेतलं जेवण फुकट. विद्यार्थ्याचा बस-ट्रेन पासही फुकट, पण पास आपोआप येत नाही, शाळेचं ओळखपत्र जोडून मागवावा लागतो. शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या हॉर्टसाठी पालकांच्या वेळांप्रमाणे युगेंडआम्टकडे (जिल्ह्याच्या बाल-युवक खात्याकडे) वेगळा अर्ज, तो जागा मिळाल्याच दिवशी टाका. किंडरगेल्ड म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, 2025 मध्ये तो मुलामागे महिना 255 युरो होता. मागची थकबाकी फक्त सहा महिन्यांची मिळते. आठव्या महिन्यात अर्ज करणाऱ्याचे पहिल्या महिन्याचे पैसे बुडतात.

तिसरीत पोहणं हा शाळेचा विषय आहे. त्याआधी झेपफेर्डशेन म्हणजे पहिला बिल्ला मिळवलेला बरा: काठावरून उडी, 25 मीटर पोहणं, खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर काढणं. क्लासची यादी लांब असते. भारतात उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून जाणं स्वस्त आणि सोपं. शाकाहारी घरांनी शिक्षकांना ‘जिलेटिन नको’ हे वेगळं सांगावं, वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते असतं आणि ‘शाकाहारी’ म्हटल्यावर ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

तिकिटं शेवटी काढा, शाळेचं सुट्टीचं कॅलेंडर बघून. हजेरी कायद्याने सक्तीची आहे. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीआधी दोन दिवस मूल काढलं तर दंड होऊ शकतो. सुट्टीला लागून आजारी पडल्यास शाळा डॉक्टरांचा दाखला मागू शकते. दिवाळी सुट्टीत येत नसेल तर सणासाठी एक दिवसाची रजा लेखी, आधी मागा. परतीचं विमान शाळा उघडायच्या किमान दोन दिवस आधीचं, आणि आखातातल्या कनेक्शनला चार तासांचं अंतर ठेवून.