ढोल ऐकू येतो, ताशा नाही

रविवार, रात्री साडेदहा

दहाच्या ठोक्याला नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव थांबला. गणपतीला अजून महिना आहे, पण आमच्याकडे पावसाळा अर्ध्यावर आला की संध्याकाळी सातपासून हेच. दरवर्षी मी वैतागतो. आज वैतागलो नाही. गॅलरीत बाबांशेजारी खुर्ची टाकून नीट कान देऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की घरापर्यंत येतो तो फक्त ढोल. ताशा येतच नाही. मध्ये चार-पाच इमारती, एक शाळा, रेन ट्रीची रांग. ढोलाची धुमधुम या सगळ्याला वळसा घालून येते. ताशाची तडतड वाटेतच कुठेतरी जिरून जाते.

काल दुपारी बाबांचे कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी माझ्या हातात जो कागद दिला, त्यावर नेमकं हेच काढलेलं होतं.

गेलं वर्षभर घरात एकच रड. बाबांना बेल ऐकू येत नाही, कुरिअरवाला परत जातो. भाजीवाला "तीस" म्हणतो, बाबा वीस देऊन चालायला लागतात. नातीने काही विचारलं की हसून मान डोलावतात, म्हणजे ऐकू आलेलं नाही. पण खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातून बोलले तर शब्द न् शब्द कळतो. आईचं म्हणणं, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." मलाही मनातून तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तपासणीची खोली म्हणजे भिंतींना टोकाटोकाचा स्पंज लावलेलं एक मोठं कपाटच. बाबा आत, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर बाईंच्या मागे. बाबांनी बटण दाबलं की टेबलावरचा छोटा हिरवा दिवा लागायचा. २५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५० कंपनांच्या खर्जातल्या सुराला, लगेच लागला. ५०० ला लागला. हजारला जरा थांबून. दोन हजारला बाईंनी आवाज पाच-पाच डेसिबलने चढवत नेला, पन्नासला लागला. मग चार हजार. पन्नास, पंचावन्न, साठ. काचेपलीकडे बाबा एकदम ताठ बसलेले, अंगठा बटणावर तयार, डोळे समोरच्या स्पंजावर, जणू तिथून काही येणार आहे. पासष्ट. सत्तर. पंचाहत्तरला दिवा लागला.

निरोगी तरुण कानाला जे जेमतेम ऐकू येतं ते शून्य डेसिबल. पुढच्या दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट. म्हणजे पंचाहत्तरला साधारण तीन कोटी पट. हा हिशोब मी रिक्षात मोबाइलवर केला आणि बाबांना सांगितला नाही.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. दोन्ही रेघा डावीकडे वर, बऱ्यापैकी सपाट, आणि हजारानंतर घाटातल्या रस्त्यासारख्या खाली. चार हजारापाशी खड्डा, आठ हजारला किंचित वर. कानामागच्या हाडावर एक ठोकळा टेकवून पुन्हा तीच चाचणी केली, तरी रेघ तशीच. याचा अर्थ पडदा ठीक, मधली हाडं ठीक, बिघाड आत.

संध्याकाळी लेकीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसलो. अनुतरंग, संपीडन, विरलन. आपणही हे सगळं पाठ करून मार्क मिळवले होते, पण तेव्हा कुणी ढोल-ताशाचं उदाहरण दिलं नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. तो भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. ढोलाच्या दणक्यात शंभर हर्ट्झच्या आसपासचा भाग मोठा. भागाकार केला की ३.४ मीटर, म्हणजे इमारतीच्या एका मजल्याहून थोडी जास्तच लांब लाट. चार हजार हर्ट्झची लाट साडेआठ सेंटिमीटर, पत्त्यांच्या पानाएवढी. वाटेत भिंत आली की लाट आपली लांबी आणि भिंतीची लांबी ताडून बघते म्हणा ना. अडथळ्याच्या मानाने लाट लांब असेल तर ती कडेने वळून पलीकडे पसरते. आखूड असेल तर भिंतीमागे सावली पडते, उन्हात पडते तशी. शिवाय हवाही आखूड लाटा जास्त शोषते. म्हणून दूरची मिरवणूक म्हणजे नुसते ढोल. जवळ यायला लागली की आधी ताशा उमटतो, मग झांजा, आणि मग कुणीतरी ओरडतंय ते.

बाबांच्या कानांत मिरवणूक कायम चार गल्ल्या पलीकडे असते. आपण त्यांच्या समोर बसून बोलतो तेव्हासुद्धा.

आपल्या बोलण्यातही ढोल आणि ताशा आहेत. अ, आ, ओ हे स्वर म्हणजे ढोल. त्यांचा जोर हजार हर्ट्झच्या खाली. स, श, फ, थ ही नुसती हवेची सळसळ. ती दोन हजारापासून पार आठ हजारापर्यंत. बाबांना बोलण्याचा आवाज येतो, पण कडा येत नाहीत. "साठ" आणि "आठ" त्यांच्या लेखी जवळजवळ एकच. म्हणून त्यांची तक्रार "ऐकू येत नाही" अशी कधीच नसते. ती असते, "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता." मला हा दोषारोप वाटायचा. ते बिचारे त्यांना जे ऐकू येतं त्याचं तंतोतंत वर्णन करत होते.

आणि जिन्यातल्या काकांचा आवाज खर्जातला, नातीचा वरच्या पट्टीतला. आईचाही. आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता पोळ्या करायला गेली.

आत काय होतं ते वाचताना मात्र मी थक्क झालो. पडद्यामागे हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन एवढीशी हाडं कशाला, हे मला कधी कळलंच नव्हतं. आतल्या कानात द्रव आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर हजारातला एखादाच भाग आत शिरतो, बाकी सगळा परत फिरतो. विहिरीत बुडी मारली की काठावरची आरडाओरड एकदम पुसली जाते, ते यामुळेच. (सोनोग्राफीला पोटावर तो गार चिकट जेल लावतात, तोही अशाच कारणासाठी, मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर लाट कातडीवरूनच माघारी.) ही हाडं मोठ्या पडद्यावरचा हलका दाब रिकिबीच्या चिमुकल्या तळाशी एकवटतात, म्हणून आवाज आत जाऊ शकतो.

त्यापुढे कर्णावर्त. गोगलगाईच्या शंखासारखं अडीच वेढ्यांचं, उलगडलं तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात एक पडदी ताणलेली असते, दाराशी अरुंद आणि ताठ, शेवटाला रुंद आणि सैल. तिच्यावरून लाट धावत जाते आणि प्रत्येक वारंवारतेची लाट आपापल्या ठरलेल्या जागी उंच होऊन विरते. उंच पट्टीच्या लाटा दाराशीच, खर्जाच्या थेट शेवटी. हे गेओर्ग फॉन बेकेशीने मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं आणि त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे तो डॉक्टर नव्हता. हंगेरीच्या टेलिफोन खात्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता.

पडदीवरच्या ज्या केसाळ पेशी ही हालचाल मेंदूला कळवतात, त्या एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. एकदा गेल्या की परत येत नाहीत. वय झालं की आधी दाराजवळच्या जातात, म्हणजे आधी ताशा जातो.

पण चार हजारापाशी खड्डा का? बाईंनी बाबांना पहिलाच प्रश्न विचारला होता, "काका, नोकरी कुठे केलीत?"

बाबांनी एकतीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली. पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आपटायची, दिवसभर. कानांत कापसाचे बोळे घालायचे, ज्यांनी फारसं काही अडत नाही. इअरमफ कपाटात असायचे म्हणे, पाहुणे आले की निघायचे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, एका टोकाला बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते, तशी ही नळी तीन-साडेतीन हजार हर्ट्झला घुमते. निसर्गाने ही सोय बोलणं नीट कळावं म्हणून केली असेल. प्रेसचा खणखणाटही तिथेच फुगतो, आणि मार बसतो त्याच्या जरा वर, चार हजाराच्या आसपास. कागदावरचा तो खड्डा म्हणजे बाबांचं सर्व्हिस बुक आहे.

आणखी एक गोष्ट बाईंनी बजावली. आवाज चढवू नका. अशा कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही, पण एक पातळी ओलांडली की तोच एकदम नेहमीच्या माणसाइतका मोठा वाटायला लागतो. मधला जिना गायब. त्यामुळे आपल्या घरचा नेहमीचा संवाद: "बाबा, जेवायला चला." "काय?" "जेवायला चला!" "ओरडतोस कशाला?" हा संवाद मी हजार वेळा केला असेल, दर वेळी चिडून.

कानाच्या मशीनच्या किमती ऐकून क्षणभर मलाच ऐकू येईनासं झालं. गुरुवारी ट्रायलला बोलावलंय. हल्लीची मशीनं ब्लूटूथवर फोनला जोडता येतात, म्हणजे फोनवरचा आवाज थेट कानात. ब्लूटूथची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि आमचा मायक्रोवेव्हही २.४५ वर. म्हणूनच दूध गरम होत असताना आईच्या स्पीकरवरची नाट्यगीतं तुटक यायला लागतात. शेजारी शेजारी घर, थोडी गळती चालायचीच.

यावरून लेकीला चेव आला. मायक्रोवेव्हमधली फिरती काचेची ताटली आणि तिच्याखालचं चाक काढलं, उलट्या बशीवर उडदाचा ओलसर पापड ठेवला आणि थोडा वेळ चालवला. आतल्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभ्या राहतात. काही ठिकाणी जोर, काही ठिकाणी शून्य. पापड ठिपक्या-ठिपक्यांनी फुलला. दोन पापड जाळून झाल्यावर तिसऱ्यावर पट्टी लावली. फुललेल्या दोन जागांत साधारण ६.३ सेंटिमीटर. ही अर्धी तरंगलांबी. दुप्पट करून वारंवारतेने गुणलं तर सेकंदाला ३ लाख ८ हजार ७०० किलोमीटर. प्रकाशाचा खरा वेग २ लाख ९९ हजार ७९२. पापडाच्या मानाने उत्तम.

हे सगळं बाबा दाराच्या काचेतून वाकून बघत होते. त्या काचेत भोकांची जाळी असते. बारा सेंटिमीटरच्या लाटेला ती भोकं दिसतच नाहीत, तिच्या लेखी तो सलग पत्रा. प्रकाशाची लाट मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, ती आरामात बाहेर येते. नारायणगावजवळ खोडदला त्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, एकेक ४५ मीटरची, तीही याच हिशोबाने तारेच्या जाळीची केलीय. रेडिओलहरींना जाळी म्हणजे आरसा, वाऱ्याला मात्र मोकळी वाट. मागे तिथे गेलो होतो तेव्हा बाबाच म्हणाले होते, "पत्रा वाचवला पठ्ठ्यांनी."

पापड झाल्याची पीप पीप पीप वाजली. बाबा तसेच वाकून वाट बघत राहिले.

बुधवार, रात्री

आज बेल बदलली. जुनी चिमणीच्या चिवचिवाटाची. मोबाइलवर वारंवारता दाखवणारं एक ॲप टाकलं आणि दाराशी धरलं. चिमणी तीन ते चार हजारांच्या मध्ये, बरोबर खड्ड्यात. घरात घरफोडी झाली असती तरी चिमणी बिचारी ओरडून ओरडून दमली असती.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मालकाने विचारलं, "कोणती देऊ? कोकिळा, पियानो, आरती?" मी म्हटलं, सगळ्या वाजवून दाखवा. एकेक बेल प्लगला लावायची आणि मी फोन पुढे करायचा. कोकिळा बाद. आरती पार बाद. मागे दोन गिऱ्हाइकं थांबलेली, त्यातल्या एकाने विचारलं, "साहेब, सूर जुळवताय का?" शेवटी मालकाने वरच्या फळीवरून धूळ झटकून एक जुनी डिंग-डाँग काढली, आत खऱ्या धातूच्या पट्ट्या. ॲपवर आकडा सहाशे-सातशेच्या दरम्यान. तीच घेतली. चिमणीपेक्षा स्वस्त पडली.

बसवून झाल्यावर बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सपाता. बाबांनी दार उघडलं. कपाळाला आठ्या.

"एवढी कर्कश बेल कशाला आणलीस? इथे कुणी बहिरं आहे का?"