पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य: संगीत नाटकाच्या तयारीची नोंद

पावसाळा सरला, तबले पुन्हा पट्टीत राहू लागले आणि तालमी नेमाने सुरू झाल्या. मागच्या नोंदीत 'संगीत सौभद्र'मधली सुभद्रा बसवायला घेतल्याचं लिहिलं होतं. तिचं गद्य आता तोंडात बसलंय, साक्या-दिंड्या (मात्रांच्या छंदातल्या छोट्या गेय रचना) पक्क्या झाल्या आहेत आणि पदांवर, म्हणजे नाटकातल्या गाण्यांवर, काम चालू आहे. पण आज पदांबद्दल थोडं आणि पदाच्या अगोदरच्या वाक्याबद्दल जास्त लिहिणार आहे. या पावसाळ्यातली माझी बहुतेक मेहनत त्या एका जागेवर झाली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी रत्नागिरीची. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी गाण्याच्या बाईंकडे किंवा तालमीला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत दिल्या, हौशी रंगभूमीवर लहानमोठी कामं केली, आणि आता व्यावसायिक संगीत नाटकात नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, घेऊन उभं राहायचं ठरवलंय. रत्नागिरीत राहून असं ठरवायला बळ मिळतं. राज्य संगीत नाट्य स्पर्धा इथल्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात होत आली आहे, खल्वायनसारखी संस्था इथे संगीत नाटकं उभी करते, आणि नटीने पद उचलायच्या आधीच त्याचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, गुणगुणणारे आजोबा इथल्या प्रेक्षकांत असतातच. अशा कानांसमोर शिकायला मिळणं हे मी भाग्य समजते.

आता मुद्द्याकडे येते. बैठकीत गायला बसलं की तंबोरा आधीपासून चालू असतो, श्रोत्यांचा कान षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये, भिजलेला असतो, मग पहिला स्वर लावायचा. नाटकात तसं नसतं. सुभद्रा बोलत असते, रडत असते, सखीवर रागावलेली असते, आणि त्याच ओघात तिला गायला लागायचं असतं. बोलणारी सुभद्रा आणि गाणारी सुभद्रा या दोन बायका वाटल्या की प्रेक्षक तिच्या दुःखातून बाहेर येतो आणि 'आता गाणं' म्हणून सावरून बसतो. माझ्या मते संगीत नाटकाचं सगळं शिक्षण या सांध्यात आहे. तान उत्तम असणारे पुष्कळ आहेत, संवाद उत्तम म्हणणारेही आहेत. सांधा ज्याला साधतो तो मात्र मला शेवटच्या रांगेतूनही कळतो.

बाईंनी यासाठी दिलेला सराव जसाच्या तसा सांगते. मोबाईलवर तानपुरा लावायचा, माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी हा माझा 'सा'. तो चालू ठेवून गायचं नाही, फक्त गद्य बोलायचं. आपण कुठल्या स्वरावर बोलतो ते ऐकायचं. माझं शांत बोलणं षड्जाच्या आसपास राहतं हे मला यातून कळलं. चिडले की आवाज गंधारावर जातो, पंचमालाही शिवतो. हळूच बोलले की मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, धैवताच्या बाजूला उतरतो. एकदा हा नकाशा कानात बसला की पुढचं काम सुरू होतं: शेवटचं वाक्य अशा चढउतारात म्हणायचं की त्याचं शेवटचं अक्षर पदाच्या पहिल्या स्वराच्या शेजारी येऊन टेकेल. ते अक्षर गायचं मात्र नाही. गायलं की प्रेक्षकाला चाहूल लागते. बोलण्याची लय तीच राहिली पाहिजे, फक्त स्वर जवळ यायला हवा.

इथे ऑर्गनवाल्या काकांचा मोठा हात आहे. शेवटचं वाक्य सुरू झालं की ते पायाने भाता हलकेच चालवत एकच सूर खालून धरतात, इतका बारीक की पहिल्या रांगेलाही तो सुरू झाल्याचं कळू नये. नायकाची पट्टी काळी एक किंवा काळी दोन, माझी काळी चार. म्हणजे अर्जुनाचं पद संपलं की त्याचा षड्ज माझ्या कानात घुमत असतो आणि मला त्यातून बाहेर पडून स्वतःचा षड्ज गाठायचा असतो. दोन पदांच्या मध्ये येणारं गद्य यासाठी फार मोलाचं. त्या चारपाच वाक्यांत काका पट्टी बदलतात आणि मी बोलता बोलता नव्या पट्टीत शिरते. एखादा दिग्दर्शक वेळ वाचवायला हे गद्य कापतो तेव्हा मला वाईट वाटतं. ती वाक्यं कथेला लागोत न लागोत, गळ्याला लागतात.

ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचंय त्यांनी साकी आणि दिंडीपासून सुरुवात करावी, असं मी आता खात्रीने सांगू शकते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' आणि 1882 मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, तेव्हा पदांच्या सोबत साक्या आणि दिंड्याही दिल्या. साकीची ओळ 28 मात्रांची, 16 आणि 12. दिंडीची 19, म्हणजे 9 आणि 10. त्यांना आलापाचा विस्तार लागत नाही. छंदच शब्दांना पुढे नेतो, त्यामुळे बोलण्यापासून त्या फार दूर जात नाहीत. मी आधी दिंडी नुसती वाचते, मग मात्रा धरून म्हणते, मग अर्ध्या सुरात, मग पूर्ण सुरात, आणि परत उलट क्रमाने वाचनावर येते. येण्याजाण्याची ही वाट पायाखालची झाली की मोठ्या पदाचा उंबरठा आपोआप खाली येतो. आजकाल प्रयोगात वेळेसाठी सर्वांत आधी साक्याच गाळतात. माझं मत उलट आहे: एखादं पद कमी करा, साकी ठेवा.

याच कारणासाठी मी पुन्हा कीर्तनाला जाऊन बसायला लागले आहे. आमच्याकडे देवळांतून उत्सवात कीर्तनं होतात. एकटे बुवा उभे राहून पूर्वरंगात निरूपण करतात, मध्येच आर्या, मध्येच अभंग, उत्तररंगात आख्यान, आणि बोलण्यातून गाण्यात इतक्या वेळा जाऊन येतात की त्याची मोजदाद ठेवावीशीही वाटत नाही. त्यांची एक गोष्ट मी उचलली आहे. गाण्याच्या आधी ते थांबत नाहीत. वाक्याचा शेवटचा शब्द आणि ओळीचा पहिला शब्द यांच्यामध्ये श्वास घेत नाहीत, श्वास त्याच्या आधी, वाक्याच्या पोटात घेतात. घरी करून पाहा. शेवटचं वाक्य अर्ध्यावर तोडून तिथे श्वास घ्यायचा, मग उरलेलं वाक्य आणि मुखडा एका दमात. भावना तुटत नाही, आणि मुखड्यापुरती हवाही छातीत उरते.

दुसरी शाळा दशावताराची. मैत्रिणीचं माहेर कुडाळ तालुक्यात आहे, तिच्या गावच्या जत्रेला गेले होते. नाटकाला लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचलेले, साथीला पेटी, मृदंग आणि झांज. संवाद रचता रचता राजाचं काम करणारा नट आवाज चढवत पेटीच्या सुरावर आणून ठेवत होता, आणि पेटीवाल्यांना त्यावरूनच कळत होतं की आता पद येणार. इशारा नाही, नजरानजर नाही. स्त्रीपार्टी करणाऱ्या कलाकाराने विलापाचं गद्य असं काही चढवत नेलं की पद कुठे सुरू झालं ते मला दुसरी ओळ आल्यावर कळलं. संगीत नाटकवाले दशावताराकडे लोककला म्हणून कौतुकाने पाहतात आणि तिथेच थांबतात. मला वाटतं, शिकायला म्हणून तिथे जाऊन बसायला हवं. रात्रभराचं जागरण झालं तरी चालेल.

आता 'वद जाऊ कुणाला शरण'. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर, आणि घरात आपलं म्हणावं असं कुणी बाजूने उभं राहताना तिला दिसत नाही. पदाचा पहिलाच शब्द 'वद', म्हणजे ती समोरच्याला विचारते आहे. म्हणून मी तो शब्द जवळजवळ बोलते आणि सूर 'जाऊ'वर उघडते. बाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या मते पहिल्या अक्षरापासून स्वर स्वच्छ हवा. आम्ही दोन्ही तऱ्हांनी तालमीत करून पाहिलं आणि तालीम घेणाऱ्या काकांनी माझ्या बाजूने कौल दिला, पण एका अटीवर: पुढच्या आवर्तनात मुखडा परत येईल तेव्हा 'वद' पूर्ण सुरात यायला हवा. ही अट मला फार आवडली. पहिल्यांदा प्रश्न, दुसऱ्यांदा टाहो.

किर्लोस्करांच्या नाटकमंडळीतले गायक नट भाऊराव कोल्हटकर यांनी गाजवलेली ही भूमिका. त्या काळी माइक नव्हता, साऱ्या प्रेक्षागृहाला गळ्याच्या बळावर पोचायचं होतं. आज माइक आहे म्हणून मी 'वद' हळू म्हणू शकते, हेही खरं.

'सौभद्र'च्या जोडीला 'स्वयंवर'मधलं 'सुजन कसा मन चोरी' घेतलं आहे, आणि तिथे गणित अगदी वेगळं आहे. 1916 चं हे नाटक. भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या वळणाच्या चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी रुक्मिणी गाजवली. पद भूप रागातलं, म्हणजे मध्यम आणि निषाद वर्ज्य, पाचच स्वर, आणि त्या पाच स्वरांत रुक्मिणीचा सगळा आनंद. विस्ताराला जागा खूप, म्हणून मोहही खूप. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर टिकेल तेवढाच आलाप. डोळे मिटावेसे वाटले की समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. रुक्मिणीने मिटलेल्या डोळ्यांनी कृष्णाबद्दल बोलणं मला पटत नाही, तिला तर तो दिसतोय. 1964 च्या 'मत्स्यगंधा'त जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर ठेवून नाटकाचा ओघ सांभाळला. त्यांच्या चाली मी त्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकते, आणि तो आटोपशीरपणा जुन्या पदांतही कुठे आणता येईल ते शोधते.

शरीराची तयारी चालू आहे. नऊवारीत रोज तासभर घरातली कामं करते, उठणं-बसणं सवयीचं होण्यासाठी. रविवारी रत्नदुर्गाची चढण चढताना दिंड्या म्हणते, दम कुठे तुटतो ते तिथे लगेच समजतं. समुद्रावर मात्र गात नाही. वाऱ्यावर आवाज फेकला की गळा बसतो आणि स्वतःचा सूर स्वतःलाच ऐकू येत नाही. खर्जाचा रियाज पहाटे घरात, दार लावून.

पुण्याच्या एका नाट्यसंस्थेने चाचणीला बोलावलं होतं. जाताना घाटातला गारवा गळ्याला बाधेल म्हणून मफलर बांधूनच एसटीत बसले. त्यांनी आधी गाणं ऐकलंच नाही. गद्याचं एक पान हातात दिलं, दहा मिनिटं दिली, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "आता याच सुरात पुढचं पद सुरू करा." पावसाळाभर हेच घोटलं होतं, त्यामुळे मला मनापासून आनंद झाला. सध्या 'सौभद्र'मधल्या रुक्मिणीसाठी रिप्लेसमेंट म्हणून तयार राहायला सांगितलं आहे. प्रयोग मिळेल तेव्हा मिळेल, नाईट ठरलेली आहे, आणि संपूर्ण नाटकाची तालीम त्यांच्या संचाबरोबर एकदा होणार आहे. नोकरी सोडणार नाही. संगीत नाटकाचे प्रयोग महिन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात घर चालवणं कठीण. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते आणि तरीही या म्हणते.

पुढच्या नोंदीपर्यंत रुक्मिणीचं गद्य आणि तिची पदं वेगळ्या संचाच्या पट्टीत बसवायची आहेत. त्यांचे ऑर्गनवाले सूर किती आधी धरतात ते अजून कानाला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण मागवलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आजी-आजोबांना, किंवा गावच्या कीर्तनकार बुवांना, 'सौभद्र'मधल्या साक्यांची प्रचलित चालीहून वेगळी चाल येत असेल तर मोबाईलवर मुद्रित करून मला जरूर पाठवा. पेटी नसली तरी चालेल, नुसता आवाज पुरे, फक्त साकीच्या आधीची दोन वाक्यंही त्यांच्याकडून म्हणवून घ्या.